खांद्यावरचा ठेका

गाणं पुन्हा पळालं.

सुरुवात ठीक झाली होती. इनासदादाने सीडी लावली, ढोलाचा ठेका पत्र्याच्या शेडमध्ये घुमायला लागला. थोडं ऐकून घेऊन मी माझ्या लॅपटॉपवरून बायकांचं गाणं आत सोडलं, आणि काही वेळ दोन्ही एकमेकांत असे मिसळले की माझं मलाच हसू आलं. मग काहीतरी चढायला लागलं. मी बोटाने ठेका देत होते तो घाईत यायला लागला, ढोल घाईत यायला लागला, आणि कार्मेलमावशीचं संथ गाणं कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखं धावू लागलं. मी सगळं बंद केलं.

“तुझं यंत्र पळतंय,” इनासदादा म्हणाला.

मलाही तसंच वाटत होतं.

ही तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या साथीला कीबोर्ड वाजवायचे. आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या पट्ट्यात. केळीच्या वाड्या, विहिरी, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद वाटा. आमच्याच आळीत इनास डाबरे राहायचा. आमच्या भागातला पहिला डीजे तो. मी फ्रॉक घालून लग्नांना जायचे तेव्हापासून तोच वाजवायचा. त्याच्याकडे दोन सीडी प्लेअर होते आणि मध्ये मिक्सर. एक गाणं लोकांना ऐकू जात असायचं. तेवढ्यात तो हेडफोन एका कानाला दाबून दुसरं गाणं लावायचा आणि वेगाचा स्लायडर खालीवर करत त्याला पहिल्याच्या पावलात आणायचा. एक गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं, हे नाचणाऱ्याच्या पायाला कळायचं नाही. लहानपणी मी तो सांधा पकडायचा पुष्कळदा प्रयत्न केला होता. कधी सापडला नाही.

त्या सुमाराला लॅपटॉपवाली पोरं आली होती. त्यांच्या पडद्यावर एक बटण दाबलं की दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळायचा. इनासदादा त्यांना बटणवाले म्हणायचा. मी मात्र लॅपटॉप घेऊन त्याच्या शेडमध्ये आले होते, ते जसिंतामुळे.

जसिंता माझी शाळेतली मैत्रीण. कुवेतला नर्स होती, लग्नासाठी सुट्टी काढून येणार होती. तिला आई नव्हती. कार्मेलमावशीने तिला वाढवलं. ही मावशी आणि तिच्या दोन सोबतिणी आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी जुनी गाणी म्हणायच्या. नव्या नवरीला विहीर दाखवा, परसातली वाट दाखवा, मिठाचा डबा कुठे आहे ते सांगा, अशी गाणी. जसिंताने फोनवरून सांगितलं, रिसेप्शनला मी मंडपात पाऊल टाकीन ते मावशीच्या गाण्यावर, आणि त्याच गाण्यावर लोक नाचलेही पाहिजेत. मावशी स्टेजवर उभी राहायला तयार नव्हती. माईक पाहिला की तिचा घसा बंद व्हायचा. म्हणून मी तिच्या ओट्यावर बसून तिघींचं गाणं रेकॉर्ड केलं, त्याचे तुकडे केले, आणि एकेक तुकडा फिरत राहील असा बांधला. त्याला लूप म्हणतात. असे आठ-दहा लूप लॅपटॉपवर तयार होते. इनासदादाने ढोल आणि बाकीचा बाजा वाजवायचा, आणि मी त्याच्या ठेक्यात ते लूप सोडायचे, असं ठरलं.

सांगायला हे सोपं आहे. अडचण अशी की त्याच्या जुन्या सीडी प्लेअरना माझा लॅपटॉप जोडता येत नव्हता. त्याचा वेग काय आहे हे माझ्या कॉम्प्युटरला कळायचा एकच मार्ग होता. मी त्याचं गाणं ऐकायचं आणि ठेका पडेल तसं एक बटण बोटाने दाबत राहायचं. बोटाच्या वेगावरून कॉम्प्युटर लूपचा वेग धरायचा. मी हळू झाले की लूप हळू, मी जलद झाले की जलद.

गाणं पळायला लागल्यावर मी आधी वायर बदलली. मग कॉम्प्युटरचं साउंड कार्ड बदललं. मुंबईतल्या एका ओळखीच्या रेकॉर्डिस्टला फोन केला. त्याने सांगितलेल्या सगळ्या खटपटी केल्या. शाळा सुटली की मी सरळ शेडमध्ये यायचे. फ्लोरीवहिनी, इनासदादाची बायको, चहा आणून ठेवायची आणि काही न बोलता परत जायची. काही दिवस सगळं छान जुळायचं, मग मध्येच एखाद्या संध्याकाळी पुन्हा पळायचं. कधी उलटंही व्हायचं, गाणं रेंगाळत रेंगाळत मेल्यासारखं व्हायचं. इनासदादा वैतागायचा नाही. एवढंच म्हणायचा की यंत्राचा भरवसा नसतो. दोष त्याच्याकडे असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या गावात इनासचा ठेका चुकला म्हणणं म्हणजे चर्चची घंटा खोटी वाजली म्हणण्यासारखं होतं.

लग्न आठवड्यावर आलं होतं. त्या दुपारी आम्ही पुन्हा तालीम करत होतो आणि माझ्या लॅपटॉपचा चार्जर निसटला. मी ठेका थांबवून टेबलाखाली वाकले. खाली वायरींचं जंजाळ होतं. त्यात एका वायरीची पिन नुसतीच जमिनीवर पडलेली दिसली. मी ती धरून वर कुठे जाते ते पाहिलं. ती इनासदादाच्या हेडफोनची होती.

मी खालूनच वर पाहिलं. तो हेडफोन उजव्या कानाला दाबून उभा होता, मान डोलावत होता, आणि दुसऱ्या हाताने स्लायडर हलवत होता. त्या हेडफोनमध्ये काहीही वाजत नव्हतं.

मग त्याची मान थांबली. तो इकडेतिकडे बघायला लागला. “प्रिसी, कुठे गेलीस?” तो म्हणाला. “ठेका दे ना.”

मी वर आले. पिन लावली नाही. मी बटणावर बोट ठेवलं आणि ठेका द्यायला लागले, आणि पहिल्यांदाच पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर माझ्या बोटावर होती. मी मुद्दाम किंचित हळू झाले. त्याचा स्लायडर खाली आला. मी जरा घाई केली. स्लायडर वर गेला.

“दादा, तुझ्या हेडफोनची वायर निघालेली आहे,” मी म्हणाले.

तो बोटाकडेच बघत राहिला. मी वाकून पिन उचलली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. प्लेअर बंद केला. मग जाऊन एका मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर बसला आणि शेडच्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

“कधीपासून?” मी विचारलं. या वेळी समोर उभी राहून विचारलं.

दोन-तीन वर्षं झाली, असं तो म्हणाला. लग्नावरून आलं की कानात शिट्टी वाजायची. आधी ती सकाळपर्यंत जायची, मग जाईनाशी झाली. डावा कान आधी गेला. आता उजव्यात जाड आवाज येतात, ढोल तर छातीत आणि तळपायात कळतो. बारीक आवाज मात्र गेले. माणसं काय बोलतात ते तो तोंडावरून ओळखायचा. चारजण एकदम बोलायला लागले की काही कळायचं नाही. मग बाकीचे हसले की हा हसायचा. अंधेरीला एका डॉक्टरकडे जाऊन आला होता, इथे कुणी पाहील म्हणून इतक्या लांब. गेलेलं परत येणार नाही, कानामागे मशीन लावा आणि मोठ्या आवाजापासून दूर राहा, असं त्या डॉक्टरने सांगितलं होतं. घरी येऊन त्याने ते कागद फाडून टाकले.

“वहिनीला सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

मी विचारलं, मग इतकी लग्नं वाजवलीस कशी? तो म्हणाला, तीच गाणी, त्याच क्रमाने. कुठल्या गाण्यानंतर कुठलं आणि तेव्हा स्लायडर कुठे, हे हाताला पाठ झालं होतं. लोकांना नवीन गाणं हवं असलं की तो जुन्याचीच फर्माईश आहे म्हणून वेळ मारून न्यायचा.

“कार्मेलमावशीचं गाणं तर मला येतच नाही ऐकू,” तो म्हणाला. “तुझं बोट बघतो आणि त्याप्रमाणे ढोल धरतो.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाणं का पळत होतं. मी त्याच्या ढोलाच्या मागून चालले होते आणि तो माझ्या बोटाच्या मागून. माझं बोट केसभर पुढे गेलं की तो त्याला गाठायला स्लायडर वर करायचा. ढोल जलद झाला म्हणून मी आणखी जलद व्हायचे. ते बघून तो आणखी. आम्ही दोघंही एकमेकांच्या मागे होतो. पुढे कुणीच नव्हतं.

मी त्याला ते समजावून सांगितलं आणि म्हणाले, यावर उपाय सोपा आहे. लग्नात मी तुझं ऐकतच नाही. वेग मी आधीच ठरवते, तो सोडत नाही, आणि बोट दाखवते. तू फक्त बोट बघ.

“म्हणजे मी तुझ्या मागे वाजवायचं,” तो म्हणाला.

“एवढ्या गाण्यापुरतं.”

तो उठून हेडफोनची वायर गुंडाळायला लागला. मग एवढंच म्हणाला की हे कुणाला सांगायचं नाही. तुझ्या आईला नाही, फ्लोरीला नाही, जसिंताला नाही. हा हंगाम जाऊ दे, मग तो स्वतःच काय ते बघेल. मी शब्द दिला.

नंतरचे दोन दिवस शेडला कुलूप होतं. मी वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, वाडीत आहेत, केळीला पाणी लावतायत. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर शेड उघडी होती आणि टेबलं हलवलेली होती. आधी माझा लॅपटॉप त्याच्यापासून लांब, तिरका असायचा. आता तो त्याच्या मिक्सरला खेटून ठेवलेला होता, बटण त्याला सरळ दिसेल असा.

“दे,” तो म्हणाला.

मी ठेका दिला. त्या दिवशी गाणं पळालं नाही.

लग्न जसिंताच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत होतं. दुपारी चर्चमध्ये विधी झाला, आणि दिवस मावळता मावळता मंडप भरला. कार्मेलमावशी आणि तिच्या सोबतिणी लाल लुगडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आपला आवाज त्या एवढ्या मोठ्या खोक्यांतून येणार हे त्यांना अजून खरं वाटत नव्हतं. आम्ही दोघं स्टेजच्या बाजूला उभे होतो. इनासदादाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते, काहीतरी बोलत होते, आणि तो हसून मान हलवत होता. आता मला कळत होतं की त्यातलं त्याला किती पोचतंय.

जसिंता आणि नवरा गाडीतून उतरल्याचा निरोप आला. मी ठेका धरला, त्याने बोट बघून ढोल सुरू केला. सगळं ठीक होतं. आणि तेवढ्यात दिवे गेले.

बिघाड नव्हता. लाइटवाल्याने नवरीच्या प्रवेशासाठी दिवे घालवले होते. अंधार, धूर, आणि मग हळूहळू निळा प्रकाश, असं त्याने जसिंताच्या भावाशी ठरवलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला माझ्या पडद्याचा उजेड होता, पण त्या दिवशी मी तो लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मंद केला होता. इनासदादा माझ्या शेजारी अंधारात उभा होता. ढोल चालू होता, पण ती सीडी थोड्या वेळात संपणार होती. नवरी पाऊल टाकेल तेव्हा त्याला दुसरी आणायची होती, आणि ती माझ्या बोटावर आणायची होती. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो पुढे वाकून माझा हात शोधत होता.

मी उजव्या हाताने ठेका तसाच चालू ठेवला आणि डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. आणि त्याच ठेक्यात त्याच्या खांद्यावर तळव्याने थापा द्यायला लागले.

तो एकदा दचकला. मग स्थिर झाला. मला त्याचा खांदा हलताना कळला. त्याचा हात स्लायडरवर गेला होता. मी मावशीचं गाणं सोडलं आणि त्याच क्षणी नवा ढोल आला. मधला सांधा मला सापडला नाही. मी तो घडत असताना तिथेच उभी होते, तरी सापडला नाही.

निळा प्रकाश आला तेव्हा जसिंता मंडपाच्या मध्यापर्यंत आली होती. पहिल्या रांगेत मावशी आपलंच गाणं ऐकत बसली होती. थोड्या वेळाने ती आपल्या आवाजाबरोबर गायला लागली, मग तिच्या सोबतिणीही. मग लोक उठले. मी हात काढला नाही. प्रकाश अजून मंद होता आणि एकदा धरलेला ठेका मध्येच सोडायची मला भीती वाटली. पूर्ण गाणं संपेपर्यंत माझा डावा हात त्याच्या खांद्यावर वाजत होता. त्याने डोळे मिटले होते. बघायचं काही नव्हतं म्हणून मिटले असतील.

व्हिडिओवाल्याने ते छान टिपलं.

लग्नाची सीडी आठ-दहा दिवसांत घरोघर फिरली. त्यात गर्दी होती, मावशीचं रडणं होतं, आणि मध्येच बराच वेळ आम्ही दोघं होतो. निळ्या उजेडात इनास डाबरे डोळे मिटून उभा, आणि त्याच्या खांद्यावर माझा हात. व्हिडिओत आवाज वेगळा लावलेला होता, त्यामुळे तो हात ठेका देतोय हे समजायलाही मार्ग नव्हता. कुरवाळल्यासारखा दिसत होता.

आईने एका संध्याकाळी मासे साफ करता करता विचारलं. डोकं वर न करता विचारलं. मी म्हणाले, वाजवण्याचा भाग होता. ती म्हणाली, वाजवताना खांदा कशाला लागतो? मी शब्द दिलेला होता. मी गप्प बसले, आणि आईने त्या गप्प बसण्याचा तिला जमेल तो अर्थ घेतला. आळीतल्या बायका मी दिसले की विषय बदलायच्या. फ्लोरीवहिनी माझ्याशी बोलायची बंद झाली. मी इनासदादाला गाठून सांगायचं ठरवलं, पण त्याच्या घरी जायची सोयच उरली नव्हती. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. कुजबुज त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हती.

मग एका रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर लोक नेहमीसारखे चर्चच्या आवारात रेंगाळले होते. पुरुष मोटारसायकलींपाशी उभे होते, बायका पायऱ्यांपाशी. मी कीबोर्ड पिशवीत घालून बाहेर आले. सायमन नून्स इनासदादाच्या डाव्या बाजूला, जरा मागे उभा होता. हा आमच्या चर्चच्या सणाच्या कमिटीचा माणूस. जानेवारीतल्या सणाला कोण वाजवणार हे तोच ठरवायचा, आणि इनासदादाशी त्याचं बोलणं झालेलं होतं.

सायमन म्हणाला, “इनासला सणाला बोलावू, पण प्रिसीलाही मानधन द्यावं लागेल. खांदा चोळल्याशिवाय हल्ली याचं वाजत नाही.”

पुरुष हसले. इनासदादाने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोही हसला. बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्याने हसला.

फ्लोरीवहिनी पायऱ्यांपाशी होती. तिने ते वाक्य ऐकलं, आणि नवऱ्याचं हसणंही ऐकलं. तिने कुणाकडे बघितलं नाही. ती वळली आणि गेटकडे चालायला लागली.

तिला जाताना बघून तो थांबला. पुरुषांचे चेहरे बघितले, त्यातले एक-दोन खाली गेले होते. मग त्याने मला पाहिलं आणि सरळ माझ्याकडे आला.

“काय म्हणाला तो?”

मी पिशवी खाली ठेवली. त्याच्या समोर उभी राहिले आणि सायमन जे बोलला ते शब्दन्‌ शब्द, सावकाश, तोंड नीट उघडून सांगितलं. सगळ्या आवाराला ऐकू जात होतं. मी आयुष्यात इतकं कठीण वाक्य कधी बोलले नाही. तो शेवटपर्यंत माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग मी त्याला व्हिडिओचं सांगितलं, आणि गावात काय चाललंय तेही.

तो परत पुरुषांकडे गेला.

“सायमन,” तो म्हणाला, “तू बोललास ते मला आता प्रिसीकडून कळलं. मघाशी ऐकू आलं नव्हतं. तुम्ही हसलात म्हणून हसलो.”

सायमनला वाटलं, हा चिडून बोलतोय. तो म्हणाला, अरे गंमत केली.

“मला ऐकू येत नाही,” इनासदादा म्हणाला. “डावा कान गेला. उजव्यात थोडं उरलंय. दोन-तीन वर्षं झाली.”

 मग मागून कुणीतरी विचारलं, “मग जसिंताच्या लग्नात वाजवलंस कसं?” इनासदादाला ते कळलं नाही, म्हणून विचारणाऱ्याला ते परत विचारावं लागलं.

“हिने वाजवलं,” तो म्हणाला. “मी हिच्या मागे होतो. हिचं बोट बघून ढोल धरत होतो. दिवे घालवले तेव्हा बोट दिसेना, म्हणून हिने खांद्यावर ठेका दिला. नसता दिला तर जसिंता मंडपाच्या तोंडाशीच उभी राहिली असती.”

सायमन खाली बघत म्हणाला, “हे आधी सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर सणाला बोलावलं असतंस?”

सायमनने उत्तर दिलं नाही. इनासदादा थोडा वेळ थांबला, बहुधा उत्तर आलं आणि आपल्याला ऐकू आलं नाही की काय असं वाटून. मग तो गेटकडे निघाला. वहिनी दिसेनाशी झाली होती. तो आधी भरभर चालला आणि वळणावर पोचल्यावर धावायला लागला.

सणाला त्या वर्षी बाहेरचा एक लॅपटॉपवाला आला. हंगामातली बाकीची कामंही एकेक करून गेली. वाईट शब्दांत कुणी काही सांगितलं नाही. कुणाला खर्च आवरायचा होता, कुणाच्या जावयाचा मित्र डीजे निघाला. इनासदादाने सीडी प्लेअर विकले, खोकी भाड्याने द्यायला लागला, कानामागे मशीन लावलं, ते त्याला फारसं आवडलं नाही. वाडीत जास्त वेळ घालवायला लागला. आईने त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी फ्लोरीवहिनीकडे बोंबलाचं कालवण पाठवलं. माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मला त्यानंतर लूपची बरीच कामं मिळाली, मग शाळेतली नोकरी सुटली. आता मी पुण्यात नाटकांसाठी आवाज आणि संगीत करते. वसईला वर्षातून एकदोनदा जाणं होतं.

मागच्या नाताळात गेले होते तेव्हा इनासदादा वाडीत होता आणि फ्लोरीवहिनी एकटीच ओट्यावर बसली होती. बोलता बोलता तो रविवार निघाला. इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

वहिनी म्हणाली, “मला तर त्याच्या आधीपासूनच वाटत होतं, याचं लक्ष माझ्यावरून उडालंय. मी बोलायचे, हा पाठ करून बसलेला. हाक मारली तर ओ नाही. मग ती सीडी आली. मला वाटलं, अच्छा, असं आहे तर.”

 मग म्हणाली की त्या दिवशी तो धापा टाकत घरी आला, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, आता या दोन-तीन वर्षांत तू मला जे जे बोललीस ते परत सांग. तुझ्या तोंडाकडे बघून ऐकतो.

“मग सांगितलंस?” मी विचारलं.

“आठवलं तेवढं सांगितलं,” वहिनी म्हणाली. “निम्मं तर भांडणच होतं. तेही परत सांगितलं. मध्येच जेवणाची वेळ झाली, तर तो उठला, भात टाकला, आणि पुन्हा समोर येऊन बसला.”